छबूबाईचा खांदा आणि मासे दाखवणारा चेंडू

छबूबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा घालायचा झाला तर ती मान खाली घालते आणि डोकंच हातापाशी नेते. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या उपकेंद्रात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "शिस्टर, हात बदलून मिळतो का कुठं?" मी हसले नाही. असे खांदे, कमरा, गुडघे रोज माझ्यासमोर येऊन बसतात. हसायचा उत्साह कधीच सरला.

मी स्टेला. मूळची नगरची, नर्सिंगही तिथंच शिकले. नोकरीचा बहुतेक काळ मात्र कर्जत तालुक्यातल्या या गावात गेला. गाव उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. वरच्या अंगाला ऊसवाल्यांची घरं, आणि खाली, पाण्याच्या कडेला भोयांची वस्ती. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की धरणात बुडालेल्या बाभळींचे काळे खुंट चिखलातून वर येतात, आणि वस्तीवरची माणसं घोट्याघोट्यापर्यंत गाळ तुडवत होडीपर्यंत जातात. भेटी द्यायला मलाही तोच गाळ तुडवावा लागतो. माझी चप्पल त्यात किती वेळा रुतली याची चर्चा वस्तीवर अजून चालते.

छबूबाई आणि तिचा नवरा कानिफनाथ एकाच होडीत मासेमारी करतात. इथं बहुतेक घरांत नवरा-बायकोचीच जोडी असते. नवरा पुढच्या टोकाला जाळं घेऊन उभा राहतो, बायको मागं बसून वल्हं मारते. मासे असतील असं वाटलं की जाळं सोडायचं, काही वेळ थांबायचं आणि मग ओढून घ्यायचं. जाळं पाण्यात असतं तेवढाच वेळ वल्ह्याला विसावा. बाकी सगळा वेळ जागा शोधण्यात जातो. होडीत बोलायचं नाही, मासे बुजतात, असा वस्तीवरचा दंडक आहे. म्हणून कानिफनाथ मागं न बघता हातानं खुणा करतो. डावा हात उचलला की डावीकडं, उजवा उचलला की उजवीकडं, मूठ मिटली की थांब. छबूबाई एकदा म्हणाली, "लगीन झाल्यापासनं नवऱ्याचं त्वांड कमी आन पाठच जास्त बघितली मी." तिला त्याचं वाईट वाटत होतं की नाही, हे मला कळलं नाही. बहुधा वाटण्याइतकी ताकद उरली नसावी.

खांद्याचा फोटो श्रीगोंद्याला काढला. सांधा झिजलाय, वल्हं बंद करा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हणतेही रोज, कारण दुसरं म्हणण्यासारखं माझ्याकडं काय आहे? पण छबूबाईनं वल्हं ठेवलं तर होडी कोण धरणार? एका माणसानं जाळं सोडायचं आणि होडीही आवरायची हे दोन बैलांचं औत एका बैलानं ओढण्यासारखं आहे. मशीन बसवावं तर पंखा बाभळीच्या खुंटात नाही तर दुसऱ्याच्या जाळ्यात अडकतो. लेक एकच, अश्विनी. ती पुण्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तेव्हा खांदा झिजो की मोडो, वल्हं छबूबाईच्याच हातात राहिलं. तिचं मागणं फार नव्हतं. वल्हं सुटत नसेल तर निदान रोजचं हिंडणं तरी थोडं कमी व्हावं, एवढंच.

दिवाळीला अश्विनी आली ती एक चेंडू घेऊन. मोसंबीएवढा, केशरी रंगाचा. तो दोरीला बांधून पाण्यावर सोडायचा, म्हणजे खाली किती खोल आहे, तळ कसा आहे, मासे कुठं आहेत, हे सगळं मोबाईलवर उमटतं. "आई, आता शोधत हिंडायचं नाही. मासे दिसले की तिथंच थांबायचं," लेक म्हणाली. आईच्या खांद्यासाठीच आणला होता तिनं तो. तिला पुण्याची गाडी गाठायची होती, म्हणून तिनं घाईघाईत दारातल्या पाण्याच्या टाकीत चेंडू सोडून दाखवला. कानिफनाथानं मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "ह्यात तर काय बी न्हाई." टाकीत काय असणार, कपाळ?

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी लसीकरणाच्या कामासाठी वस्तीवर गेले होते. काठावर बायका पाण्याकडं बघत उभ्या होत्या. फुगवट्याच्या मध्यावर कानिफनाथाची होडी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत होती. तो पुढं मोबाईल धरून उभा, डावा हात सारखा वर. मागं छबूबाई जिवाच्या आकांतानं वल्हं मारतेय. होडी डावीकडं वळायची, पुन्हा त्याचा डावा हात वर, पुन्हा डावीकडं. कुणीतरी म्हणालं, भूतबाधा झाली. मला दिसत होता तो तिचा खांदा. आता होडी काठाला लागली की आधी मीच त्या चेंडूवर पाय देते, असं माझ्या मनात आलं.

झालं होतं असं. मोबाईलवर चित्र उजवीकडून डावीकडं सरकत जातं. कानिफनाथाला मासे डावीकडं पळताना दिसत होते. जन्मभर मासा वळेल तिकडं होडी वळवायची सवय, त्यामुळं तो डावीकडं खूण करत राहिला. होडी वळली तरी मासे आपले डावीकडंच. संध्याकाळी छबूबाईनं माझ्या ओट्यावर बसून लेकीला फोन लावला. कानिफनाथ शेजारी उकिडवा बसला होता.

"बाबा, उजव्या कडेला जे उमटतं तेच आत्ताचं," अश्विनी सांगत होती. "डावीकडं गेलं ते मागं पडलेलं. ते मासे पळत नाहीत. होडी त्यांच्यावरून गेलीये, एवढंच."

"मंग मी दिसभर मागं पडल्याल्या माशांच्या मागं हिंडलो म्हन की," कानिफनाथ म्हणाला.

"हिंडलो नगा म्हनू," छबूबाई म्हणाली. "हिंडवलं म्हना."

पुढची अडचण बोटांची. जाळं हाताळणारा माणूस, बोटं कायम ओली. ओल्या बोटांना मोबाईल दाद देत नाही. तो बोट घासायचा, चित्र भलतीकडं जायचं, मग तो मोबाईललाच शिव्या द्यायचा. शेवटी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून छबूबाईच्या समोरच्या फळीला बांधला. चेंडूही मागच्याच टोकाला असायचा, तेव्हा बघणाऱ्यानंही तिथंच असावं हे ओघानंच आलं. छबूबाईला वाचता येत नाही, पण तिथं वाचायला काय होतं? हळूहळू तिला उमजत गेलं. तळाची रेघ जाड आणि ठळक असली की खाली मुरूम, पातळ असली की गाळ. तळातून उभे काटे वर आलेले दिसले की बाभळीचे खुंट, तिथं जाळं टाकायचं नाही, फाटतं. सुरुवातीला त्या फांद्यांनाच मासे समजून तिनं दोनदा जाळं फाडून घेतलं. मासे कसे ओळखायचे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "फांदी जागची हालत न्हाई. होडी हुबी केली तरी तिथंच. मासा गुमान ऱ्हात न्हाई."

मला वाटलं, चला, एकदाचं सुटलं. मासे दिसतात, म्हणजे हिंडणं कमी झालं असणार. पुढं दोन महिने छबूबाई उपकेंद्रात आलीच नाही, त्यामुळं मी मनातल्या मनात अश्विनीला दुवाही देऊन टाकली. मग संक्रांतीनंतर ती आली, आणि आता तिला पदरही डाव्या हातानं सावरावा लागत होता.

"अहो, हे काय? यंत्र आलंय ना?"

"यंत्र आलं म्हनूनच," ती म्हणाली. "भीक नको पन कुत्रं आवर, अशी गत झालीया."

पूर्वी कानिफनाथ पाण्याचा रंग बघायचा, बगळे कुठं बसलेत ते बघायचा, वारा बघायचा, आणि मूठ मिटून थांबवायचा. चूक असो की बरोबर, जाळं पाण्यात पडायचं. आता न बोलायचा दंडक मोडून तिनं मागून हळूच सांगितलं, "हितं चार-पाच दिसत्यात," की तो म्हणायचा, "चारला काय करायचं? जरा म्होरं बघ." पुढं सात दिसले की आणखी पुढं. मग सातही जायचे आणि चारही जायचे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. यंत्र मासे दाखवत होतं, पण पुरे कुठं म्हणायचं हे त्यात दिसत नव्हतं.

मला राग आला, आणि आला की मी तो पोटात ठेवत नाही. वस्तीवर गेले तेव्हा कानिफनाथ दारात जाळं सांधत बसला होता. म्हटलं, "काय हो, बायको आहे की इंजिन? खांदा गेला तर काय चेंडूला वल्हं मारायला लावणार आहात?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. सुई तशीच बोटांत धरून म्हणाला, "शिस्टर, मला काय हौस हाय का? मासं ऱ्हायलं न्हाईत पान्यात. समदी ती हलकी, भाव नसल्याली चिलापीच. पयलं मला आतनं कळायचं, हितं टाक म्हनून. आता त्यो मोबाईल हाय म्हनल्यावर न बघता टाकायला हातच धजत न्हाई. वाटतं, म्होरं जास्त असत्याल. माघारी आलो की वाटतं, जरा म्होरं जायला पायजेल हुतं." मग बराच वेळ तो जाळ्याचं एकच भोक सांधत राहिला. त्याचे डोळे लाल होते, हाताची कातडी पाण्यानं फुगून पांढरी पडलेली. वैताग त्याच्यावरच काढायचा म्हणून आलेली मी, त्याच्याच दारात दगडावर बसून राहिले. दोघंही थकलेली. एकाचा खांदा गेला, दुसऱ्याचा भरवसा. गोळी खांद्यावर तरी आहे.

"तिला थोडं थांबू देत जा," एवढंच म्हणून मी उठले.

"व्हय," तो म्हणाला. असं 'व्हय' मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते.

त्यानंतर छबूबाई थेट होळीच्या सुमाराला आली. मलम संपलं होतं. बाकावर बसली आणि मी न विचारताच सांगायला लागली.

त्या दिवशी सकाळपासून पाण्यात काहीच नव्हतं. धरणातून खाली पाणी सोडलं होतं, मासे खोलात गेले असावेत. ऊन डोक्यावर आलं तरी कानिफनाथाची मूठ मिटेना. म्होरं, म्होरं. तिच्या हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. वल्हं धरलंय की नाही हे कळेना, म्हणून ती डोळ्यांनी बघून खात्री करत होती. समोर पिशवीतल्या मोबाईलवर तळाची रेघ सरळ चालली होती. वर काही नाही. एक ठिपका नाही.

"आन मी म्हनले," छबूबाई म्हणाली, "हितं हायेत. लई हायेत."

"खोटं?"

"खोटंच की. जाळं सुटलं तर हात खाली ठिवता येईल म्हनून."

मी मलमाची डबी तिच्यापुढं ठेवली.

"मग?"

"मंग त्यो वळला. कदी वळत न्हाई, पन वळला. म्हनला, 'किती?' मी म्हनले, 'लई.' तर फळ्यांवरनं मागं आला, वाकून मोबाईलमदी बघितलं. मला वाटलं, आता मेले. शिस्टर, रिकामं हुतं ओ समदं. कोऱ्या पाटीवानी. त्याला काय कळत न्हाई व्हय आता?"

"काय म्हणाला?"

"काय न्हाई. लई येळ बघितलं त्यानं. मंग माज्या हाताकडं बघितलं. म्हनला, 'व्हय की. दाटच हायेत.' आन म्होरं जाऊन जाळं सोडलं. समदं सोडलं, शेवटच्या तरंगत्या बोयापर्यंत."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मला त्याला बघायला जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही. मी विचारलं, "मिळालं काही?"

"काय मिळतंय तितं? आठ-धा चिलाप्या. पन शिस्टर, मी वल्हं ठिवलं आन निजले की हो. भर उनात, होडीत. हुबा जलम गेला, होडीत कदी डोळा लागला न्हाई." तिनं डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावला. "जागी झाले तर उनं कलल्याली. आन हे आपलं तसंच म्होरं बसल्यालं, माज्याकडं त्वांड करून. म्हनले, 'अवो, जाळं का न्हाई वडलं अजून?' तर म्हनतोय, 'वडलं असतं तर होडी हालली असती.'"