सुनंदाताईचं उठणं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागापूरच्या कारखान्यात कामावर होतो. कर्जतच्या तिच्या शाळेतल्या बाईंनी केला होता. छातीत कफ साठला, श्वास अपुरा पडला... काष्टीला गावच्या घरी जमलेल्यांना आम्ही न्यूमोनिया एवढंच सांगितलं. खरं तर श्वास ओढणारे तिचे स्नायूच थकले होते, पण ते बोलायची आमच्या घराला लाज होती.

ताई माझी थोरली बहीण. लहानपणापासून जमिनीवरून उठताना ती मांड्यांवर हात रोवून अंग वर ढकलायची. आई तिला आळशी म्हणायची, चारचौघांत जास्तच तिखट. ताईने मग पंगतीत बसणंच सोडलं. वाढायचं काम अंगावर घ्यायची आणि शेवटी ओट्याशी उभ्यानं जेवायची. बघायला पाहुणे आले, तेव्हा पाटावरून उठताना तिचे हात मांड्यांवर गेले आणि बोलणी तिथेच थांबली. पुढे तिने लग्नाचा विषय काढू दिला नाही. शिक्षिका झाली, कर्जतला खोली घेऊन राहिली.

चाळिशी उलटल्यावर पुण्यात तिची जनुकीय तपासणी झाली. अहवालाच्या दिवशी आई आणि मीही सोबत होतो. डॉक्टरबाईंनी समजावलं, की स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचा साठा असतो आणि चार सारखे भाग जुळून झालेलं एक मोठं प्रथिन त्याच्या दाराचं काम करतं. मेंदूचा निरोप आला की ते क्षणभर उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आखडतो; मग दार मिटतं. ताईच्या प्रथिनाची घडण एका जागी जन्मापासून चुकली होती. दार नीट मिटत नव्हतं, साठा झिरपत राहायचा आणि उठायच्या वेळी बळ कमी पडायचं. हे आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं, असंही त्या म्हणाल्या.

ताईने अहवालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आई खाली मान घालून बोलली, "माझ्याबी मांड्या तशाच हायेत, सुनंदा. लगीन मोडंल म्हनून माझ्या आईनं लपवायला लावलं. तुझं दिसाया लागलं, तवा माझंच उघडं पडंल असं वाटायचं..."

आईला तण खुरपायला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. शेतात ती कायम उभ्यानं करायची कामं मागून घ्यायची. का, ते त्या बाकावर कळलं.

ताई रागावली नाही, तिच्याजवळही सरकली नाही. "आधी सांगायचंस," एवढंच म्हणाली, "घरात दोन खुर्च्या आणल्या असत्या."

दहाव्याला मावशीने विचारलं, न्यूमोनियानं एवढ्यात कशी गेली? आई म्हणाली, "स्नायूचा आजार हुता तिला. माझ्याकडनं गेलेला." मग सगळ्यांसमोर मांड्यांवर हात रोवत ती सतरंजीवरून सावकाश उठली. कुठे बघावं ते आम्हाला कळेना.

गेल्या आठवड्यात आईला सोबत घेऊन कर्जतची खोली रिकामी केली. उठायला सोपं जावं म्हणून ताईने पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. पलंग टेम्पोत चढवला. विटा मी तिथेच सोडणार होतो.

"त्याबी घे," आई म्हणाली.

आता ती त्या पलंगावर झोपते.