शिट्टी वाजली की पळायचं

दोन धावांच्या मधे दम खायला थांबलं की माणसं बोलायला लागतात. त्यामुळे अलिबागच्या वाळूवर सकाळी आमचा जो व्यायामाचा क्लास भरतो, तिथे घामाइतकेच किस्सेही गळतात. परवा स्टाफरूममध्ये एक सांगायला घेतला, तर घंटा झालेली कुणाला ऐकूच आली नाही!

क्लास घेते निकिता. एकेकाळची कबड्डीची चढाईपटू. पहिल्या दिवशी तिने समजावलं, "याला हिट म्हणतात. शिट्टी वाजली की जीव तोडून पळायचं, परत वाजली की विश्रांती. मग पुन्हा पळायचं."

एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर म्हात्रेकाका लगेच म्हणाले, "विश्रांतीचा राउंड मी घेतो. बाकीचं तुमी वाटून घ्या!"

*

आमच्याच शाळेतल्या गायकवाड मॅडमना मात्र भलताच उत्साह. निकिता सांगत होती, "हळूहळू वाढवा, मधे एक दिवस सुट्टी द्या." मॅडमनी सकाळच्या उड्या संध्याकाळी घरी परत मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांड्या अशा धरल्या, की एकदा बसलं तर उठणं कठीण! म्हणून त्या बसल्याच नाहीत. सगळे तास उभ्याने. डबासुद्धा खिडकीपाशी उभ्याने खाल्ला.

मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना सुनावलं, "शिका जरा! याला म्हणतात निष्ठा!"

*

किनाऱ्यावर पर्यटकांसाठी घोडागाड्या असतात. त्यातल्या एका घोड्याला निकिताची शिट्टी पाठ झाली. शिट्टी वाजली की सुसाट, परत वाजली की जागच्या जागी ठप्प! गाडीतलं पुण्याचं कुटुंब एकमेकांच्या अंगावर.

गाडीवाला तणतणत आला. "ओ मॅडम, माझ्या घोड्याची फी भरलीय का मी?"

*

फायदा होतो, हे मात्र खरं. पूर्वी जिन्याच्या निम्म्यावर थांबणाऱ्या गायकवाड मॅडम यंदाच्या सहलीत रायगड चढताना पोरांच्या पुढे. पोरं खालून ओरडतायत, "मॅडम, थांबा ना!"

मॅडम वरून, "शिट्टी कुठे वाजली अजून?"

*

एक सकाळ मात्र हसण्यासारखी नव्हती. आदल्या दिवशी काकांच्या वाडीत पोपटी झाली होती. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा काकांनी पोटभर हाणल्या होत्या. पळता पळता ते थांबले आणि डावा खांदा चोळायला लागले. गार वाऱ्यातही कपाळावर घाम.

"काय न्हाय गं, पोपटीचा गॅस हाय. मार शिट्टी."

निकिताने शिट्टी खिशात टाकली. "काका, खाली बसा."

"अगं पण..."

"बसा म्हटलं ना!"

मी धावत जाऊन माझी कार आणली. सरळ हॉस्पिटल. हृदयाच्या नळीत ब्लॉकेज निघालं, त्याच दिवशी स्टेंट बसला. निकिता बाहेरच्या बाकावर रडत होती. "मीच पळवलं ना त्यांना, सर!"

डॉक्टर तिच्याशी स्पष्टच बोलले. "ब्लॉकेज जुनंच आहे. पण या वयात तपासणीशिवाय इतकं जोरात पळवायचं नाही. आज मात्र वेळेवर थांबवलंत, म्हणून ते वाचले."

तेव्हापासून क्लासमध्ये डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय प्रवेश नाही. काका मात्र त्या दिवशी स्टेंट बसवून वॉर्डात येताच नर्सला विचारत होते, "ताई, हा विश्रांतीचा राउंड किती वेळ चालंल?"

*

बरे झाल्यावर काकांना फक्त चालायची परवानगी मिळाली. पाळत ठेवायला त्यांची बायको, आमच्या मालतीकाकू, रोज सोबत यायच्या. धक्क्याच्या भिंतीवर बसून त्या शेजारणीशी बोलायच्या, पण नजर काकांवर. आम्ही कितीदा म्हटलं, "काकू, तुम्हीही या की!" तर म्हणायच्या, "मला न्हाय जमायचं. माझे गुडघे धरतात."

एके दिवशी काकू पाठ वळवून बोलत होत्या. काका हळूच आमच्या रांगेत घुसले. निकिताला दिसलेच नाहीत. शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो.

"अवो! थांबा!"

मागून आरोळी आली. मी वळून पाहतो तर काकू! साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला मागे कुठेतरी राहिलेल्या. त्यांनी मला मागे टाकलं. गायकवाड मॅडमना मागे टाकलं. सगळ्यांत पुढे पळणाऱ्या, कस्टममध्ये नोकरीला असलेल्या पोरालाही मागे टाकलं. त्या भरात काकांच्याही पुढे गेल्या, मग वळून काकांची कॉलर धरली आणि त्यांना वाळूत बसवलं.

आम्ही सगळे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतोय. काकू मात्र शांतपणे पदर सारखा करत होत्या.

निकिताचा आ वासलेला. "काकू, तुम्ही केवढ्या जोरात पळालात!"

काकूंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"मी? मी कुठं पळाले गं? मी ह्यांना आणाया गेलेले!"