गाठ नाही

राजेश्वरीला राग यायला तसं फार काही लागत नसे, पण त्या महिन्यात ती नुसती धुमसत होती. एक तर तिची मिश्री सुटली होती. आणि दुसरं म्हणजे, तिच्या अंगात नसलेल्या गाठीची चौकशी करायला सगळी गल्ली घरी येत होती.

परंड्याच्या एसटी आगारात ती अकरा वर्षं कंडक्टर. गळ्यात तिकिटाचं मशीन, खांद्यावरून तिरका बॅगेचा पट्टा, आणि तो पट्टा छातीवरून न्यायचा कुठून हा रोजचा प्रश्न. वरून घेतला तर मान आवळते, मधून घेतला तर अख्ख्या गाडीची नजर त्यावर. कुर्डुवाडीची गाडी खच्चून भरली की कुणाचं कोपर चुकून लागलं आणि कुणाचं मुद्दाम, हे तिला न बघता कळायचं. मुद्दाम लावणाऱ्याला ती पुढच्या थांब्यावर उतरवायची, मग तो कुठल्या का पुढाऱ्याचा पाहुणा असेना.

नजरा तिनं कधीच अंगवळणी पाडून घेतल्या होत्या. दुखणं मात्र अंगवळणी पडेना. आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर करंगळी बसेल एवढे खड्डे पाडले होते. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटून ओली राहायची. मान वळवायची तर सगळं धड वळवावं लागे. एका डॉक्टरनं मणक्याचा फोटो काढून पट्टा दिला, दुसऱ्यानं गोळ्या दिल्या, तिसरा म्हणाला, वजन कमी करा. तिनं नऊ किलो कमी केलं. गालफडं बसली, मनगटं वाळली, आणि जे कमी व्हायला हवं होतं ते जसंच्या तसं! सहा वर्षांत एकाही शहाण्यानं दुखण्याचं मूळ तोंडानं उच्चारलं नाही.

शेवटी सोलापुरात एका बाई डॉक्टरनं उच्चारलं. "हे छातीच्या वजनाचं दुखणं आहे. ऑपरेशननं कमी करता येतं." राजेश्वरी तिथंच खुर्चीत रडली. रडू ओसरल्यावर तिला त्या तिन्ही डॉक्टरांचा इतका राग आला की बाईंचं पुढचं बोलणं तिला दोनदा ऐकावं लागलं. व्रण राहतील, स्पर्श थोडा बधिर होईल, पुन्हा मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही. लेक आरोही सातवीत होती, पुन्हा मूल नकोच होतं. परतीची गाडी बार्शीला येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

नवरा, रणधीर, ऐकून म्हणाला, "आन् माझं काय?"

"तुमचं काय? तुमची मान दुखती का?"

दोन दिवस त्यानं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी न सांगता तिच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून आणल्या. त्याचा होकार एवढाच.

सासू कस्तुराबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. देवानं दिलेलं कापून टाकायचं म्हणजे काय!

रक्त, छातीचा फोटो, सोनोग्राफी, सगळं झालं. कुठं काही वावगं निघालं नाही. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर राजेश्वरीनं ठणकावून नाही सांगितलं होतं. ऑपरेशनला चार दिवस उरले असताना नर्सचा फोन आला. पुढून उघडणारे गाऊन आणा, रात्रीपासून काही खाऊ नका, सकाळी दात घासून या.

"मिश्री लावली तर चालंल का?"

"थांबा, थांबा," नर्स म्हणाली. मग डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आल्या. "अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की!"

"पर म्या खाती कुठं? लावती."

जखम भरत नाही, कातडी काळी पडून मरते, बाईंनी समजावून सांगितलं आणि तारीख एक महिना पुढं ढकलली. राजेश्वरीनं मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. चार दिवस तिचं डोकं ठणकत होतं, आणि ज्याच्या त्याच्यावर ती वसकन ओरडत होती.

पण रजा मंजूर झाली होती, भरलेली बॅग शेजारणींनी बघितली होती. विचारणाऱ्यांना काय सांगायचं? कस्तुराबाईंनी परस्पर सांगून टाकलं, "सुनंला छातीत गाठ निघाली."

झालं. जे ड्रायव्हर तिच्या पाठीमागं फिदीफिदी हसायचे, ते हात जोडून "जपा ताई" म्हणू लागले. सहा वर्षं खांदे धरून विव्हळत होती तेव्हा कुणाला पाझर फुटला नाही. बाईचं नुसतं दुखलं तर ती नाटकं करते. मरायला टेकली की लगेच खरी होते! राजेश्वरी चडफडत राहिली, पण सासूचा शब्द खाली पाडायला तिची जीभ रेटेना.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बायका ओटी भरायला आल्या. गहू, नारळ, खण. पाच खण जमले, त्यातला एकही तिला पुरणारा नव्हता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तेवढ्यात आरोही शाळेतून आली, दप्तरासकट तिच्या कमरेला बिलगली आणि हुंदके देत म्हणाली, "मम्मी, तू मरणारंस का? वर्गातल्या पोरी म्हणत्यात."

राजेश्वरी ताडकन उठली. ओटीतले गहू घरभर सांडले.

"ऐका समद्याजणी. मला गाठ न्हाय. कसलीच न्हाय. माझी छाती लई जड हाय, तिनं मान मोडती, खांदं तुटत्यात, म्हून म्या ती कमी करून घ्यायलेय. मला बरं वाटावं म्हून. बास!"

"राजेश्वरी, गप की गं!" कस्तुराबाई कळवळल्या.

"सहा वर्षं गपच व्हते, आत्याबाई. तुमच्या त्या गाठीपायी माझी लेक रडत घरी आली."

कुणीतरी पदराआड खुदकन हसलं. एकीनं आपला नारळ हळूच जवळ ओढला.

उंबऱ्याशी शेजारच्या गिरिजाबाई बसल्या होत्या. विधवा, म्हणून ओटी भरायला पुढं न आलेल्या. पासष्टीच्या, पाठीतून पार वाकलेल्या, अंगानं थोराड, छातीनं जड. त्यांनी विचारलं, "नुसतं दुखतंय म्हून बी करत्यात व्हय गं?"

"व्हय, मावशी."

गिरिजाबाईंनी लुगड्याचा पदर सारला आणि स्वतःचा खांदा चाचपला. तिथं राजेश्वरीच्या खांद्यासारखाच खड्डा होता, जास्त खोल.

"मला तर समदी पाठीचंच हाय म्हणली," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलंच न्हाय." आवाज चढला तसं हसणारीचं हसू मावळलं. गिरिजाबाईंना राग आला होता, आणि तो राजेश्वरीच्या रागापेक्षा चाळीस वर्षांनी जुना होता.