गोल दिव्यांच्या हौसेपायी

आयटीत पगार बरा मिळू लागला तशी मला फोटोग्राफीची हौस जडली. हिंजवडीच्या ऑफिसात आम्हा हौशी लोकांचा एक कंपू होता. दिवाळीत काढलेला फोटो मी त्यांना ऐटीत दाखवला, तर मागच्या धूसर दिव्यांवर बोट ठेवून एक जण म्हणाला, "पंचकोनी ठिपके! स्वस्तातली लेन्स लगेच ओळखू येते." माझं तोंड उतरलं. लेन्समधलं उजेडाचं भोक लहान करणारी पाती माझ्याकडे पाचच होती, आणि जसा भोकाचा आकार तसा मागच्या दिव्यांचा. भोक पूर्ण उघडं ठेवलं तरच दिवे गोल येत. पण मग एकच चेहरा स्पष्ट येतो, त्याच्या मागचंपुढचं सगळं विरघळतं.

पुढच्याच महिन्यात वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. "फोटोग्राफर कशाला, मी आहे ना," असं मीच सांगितलं होतं. आईने बजावलं, "बाकी काही काढ नको काढूस, आमचा दोघांचा एक नीट फोटो काढ." त्यांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो पानशेतच्या पुरात गेला. नंतर ही दोघं दिसतात ती दुसऱ्यांच्या लग्नांतल्या ग्रुप फोटोंत, कुठेतरी टोकाला.

दोघं पाटावर बसली. आत्या, काकू, भाच्या तबकं घेऊन आईच्या बाजूला उभ्या राहिल्या, एक्याऐंशी दिवे. ते मागे यावेत म्हणून मी समोरून वडिलांच्या बाजूला सरकलो, भोक पूर्ण उघडलं आणि वडिलांच्या चेहऱ्यावर फोकस केला. आई त्यांच्या पलीकडे बिचारी श्वास रोखून बसली होती. ती धूसर येणार हे मला कळत होतं, खोटं कशाला सांगू? मी तसेच पंधरावीस फोटो काढले.

ऑफिसात वाहवा झाली. घरी आईने प्रिंट खिडकीशी नेली, चष्मा पुसून परत पाहिली. "मी अशी कशी रे आले?"

"तू हललीस," मी म्हणालो.

"घटकाभर स्वस्थ बसवत नाही हिला," वडील म्हणाले. ती ओशाळून हसली.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तो फोटो बिबवेवाडीच्या घरात हॉलमध्ये लावलाय. कुणी आलं की आई स्वतःहून दाखवते. मी समोरच चहा पीत बसलेला असतो. मला लाज वाटते, पण आजवर तोंड उघडलेलं नाही.

"ह्यांचा छान आलाय," ती सांगते. "माझंच चुकलं, नेमकी हलले मी. पोराने किती मन लावून काढला होता."