पासलीकडची रिकामी कबर

नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, पण पासलीजवळच्या एका वाडीतलं हे प्रकरण आजही वारासकट आठवतं. तेव्हा भोर संस्थानात मी फौजदार होतो. उत्रोलीच्या भातशेती करणाऱ्या घरातला मी पहिला बी.ए.; ते मी कुणाला विसरू देत नसे.

त्या वाडीतला एक शेतकरी अंथरुणाला खिळला होता. एका ख्रिस्ती उपदेशकाने महिनाभर त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली आणि तो चालू लागला. नवरा-बायकोने बाप्तिस्मा घेतला. वर्षभरात, एका शुक्रवारी, तो तापाने गेला. शनिवारी त्याला पुरलं. सोमवारी सकाळी कबर उकरलेली, आत काही नाही.

पोलीस पाटलाने वर्दी दिली ती अशी: उपदेशकानेच प्रेत लपवलं, मेलेला येशूसारखा तिसऱ्या दिवशी उठला असं सांगून आता गावं बाटवील. वरिष्ठांनाही ते पटलं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत तपास पुरा करून त्याच्यावर खटला भरा, असा हुकूम आला. म्हणजे त्याला तुरुंग नक्की होता.

मी त्याला चौकीत बसवून घेतलं. "तुमचा माणूस उठला म्हणता?" मी विचारलं.

"मी नाही म्हणत, साहेब. उठला असता तर आधी बायकोकडे गेला असता. जगाच्या शेवटच्या दिवशी तो उठेल, हा माझा विश्वास आहे. पण हे माणसाचं काम आहे."

हवालदार म्हणाला, लई बेरकी गडी हाय, दोन ठेवून द्या. मी हात लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी मयताच्या थोरल्या भावाचा जबाब घेतला. डोक्यावर केस, ओठावर मिशी. तो म्हणाला, धर्म सोडला तवाच त्यो आमाला मेला, आमी सुतक बी धरलं न्हाई. जबाबावर अंगठा राहिला होता म्हणून गुरुवारी पुन्हा बोलावलं. आला तो पागोटं घट्ट बांधून, पण मिशी गायब. पागोटं काढायला लावलं. डोकं तुळतुळीत.

मी बोटांवर वार मोजले. मृत्यूपासून धरलं तर दहावा दिवस रविवारी गेला. मंगळवारी केस होते, म्हणजे दहाव्याचं मुंडण झालं ते काल, बुधवारी. बुधवारी दहावा यायचा असेल, तर अग्नी सोमवारी दिलेला हवा.

"सोमवारी कुणाला जाळलंस?"

तो मग खाली बसला. "भावाला, सायेब. मातीत कोंडून ऱ्हायला आस्ता त्यो. म्या थोरला, अग्नी म्याच द्यायचा व्हता."

सोमवारी पहाटे त्याने प्रेत काढून ओढ्याकाठी जाळलं होतं. ते दिवस राब भाजायचे. भाताच्या रोपांसाठी जो तो वावरात पालापाचोळा जाळत होता. एक धूर जास्त दिसला तर विचारतो कोण? अस्थीही त्याने नदीत सोडल्या होत्या.

उपदेशकाला सोडताना मी मुद्दाम विचारलं, "आता तर हाडंही उरली नाहीत. तुमचा देव उठवणार काय?"

"मातीतून उठवणाऱ्याला पाण्यातून उठवणं जड नाही," तो म्हणाला. भावाने मान वर केली. "खरंच उठंल व्हय त्यो?" त्याने विचारलं. उपदेशक त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि "उठेल" म्हणाला. पुढे कोर्टात भावासाठी उपदेशकानेच दयेचा अर्ज दिला. भाऊ दंडावर सुटला.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. कुणाला चापट न मारता, नुसते वार मोजून गुन्हा उघडकीला आणला, याचा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही. खोटं ज्याच्या फायद्याचं, चोर तोच, असं आम्ही पोलीस धरून चालतो. त्या उपदेशकाने एकदा मान डोलावली असती तर दहा गावं त्याच्या पायाशी आली असती. मेलेला उठतो की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण उठतो असं मानणारा माणूस तुरुंगाच्या दारात उभा राहून "अजून उठलेला नाही" म्हणाला, तेव्हापासून कुणाच्या श्रद्धेवरून मी आरोपी ठरवला नाही.