रेणुकाईच्या रांगेत भेटलेला माणूस

पिंपळगावला रेणुकाईच्या दारात मी त्या मंगळवारी नवस फेडायला गेलो होतो खरा, पण नवस पुरा झालाय याची माझी मलाच खात्री नव्हती. असं मन घेऊन देवीसमोर उभं राहणं फार जड जातं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. परतूरच्या कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून तीस वर्षं काढून मी नुकताच निवृत्त झालो होतो. तासातासाला लघवीला जावं लागे, तरी मोकळं झाल्यासारखं वाटत नसे. वयानं होतं म्हणत वर्ष घालवलं. शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की प्रोस्टेट नावाची ग्रंथी एका बाजूला कडक लागतेय. रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली, आकडा वाढलेला निघाला. मग त्या ग्रंथीचा तुकडा काढला. तेव्हा तिथं बोटानं चाचपून, अंदाजानं सुई घालत. त्या आठवड्यात मी रेणुकाईला बोललो, ‘कॅन्सर निघू देऊ नको, साडीचोळी घेऊन तुझ्या पायरीला येतो.’ रिपोर्ट साफ आला. घरात गोडधोड झालं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा आणखी चढलेला. डॉक्टर म्हणाले, “आता सोनोग्राफीवर बघत बघत पुन्हा तुकडे घेऊ. मशीन आमच्याकडं नुकतंच आलंय.” मी त्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, सगळं बराबर आहे. दुखण्याची धास्ती होती, त्या जागेच्या तपासणीची लाज होती. पण मनाला मी तिसरंच कारण दिलं होतं. आईनं एकदा साफ म्हटलं, आता पुन्हा विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास! माझ्या भीतीला मी श्रद्धेचं नाव दिलं होतं, हे आज लिहिताना कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

त्या दिवशी पौर्णिमा होती, गर्दी फार. बायको बायकांच्या रांगेत, मी पुरुषांच्या. अर्ध्या तासात मला दोनदा रांग सोडून जावं लागलं. माझ्यामागं एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते, पांढरं धोतर, डोक्याला फिकट गुलाबी फेटा. बोलण्यावरून जालन्याकडचे मारवाडी व्यापारी वाटले. दोन्ही वेळा त्यांनी माझी जागा धरून ठेवली. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, प्रोस्टेट का?”

मी ओशाळून आजूबाजूला कुणी ऐकलं का ते पाहिलं.

“शरमायचं काय त्यात? मला पण होतं. डॉक्टरला दाखवलं की न्हाई?”

कोण कुठला माणूस, पण जे बायकोला सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगून बसलो. साफ आलेला रिपोर्ट, चढलेला आकडा, खिशातली चिठ्ठी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “काम काय करायचे तुम्ही?”

“कापसाचा ग्रेडर होतो.”

“मंग तुम्हीच सांगा. गाडी भरून कापूस आला, तुम्ही वरून एक मूठ काढली, चांगली निघाली. गाडी पास करत होते?”

उभ्या आयुष्यात मी एका मुठीवर गाडी पास केली नव्हती. वर पांढराशुभ्र आणि पोटात भिजलेला, असा कापूस मी किती तरी वेळा हात घालून बाहेर काढला होता.

“माझे मोठे भाऊ एका मुठीवर खुश झाले,” ते म्हणाले. “दीड वर्षानं दुखणं हाडांत गेल्तं. मंग मी माझ्या वेळेला डॉक्टरला बोललो, बघून सुई घाला. आई साफ करणार असेल तर तिला मशीनची काय भीती? भीती तर आपल्याला.”

एवढ्यात रांग सरकली, गाभाऱ्यापाशी रेटारेटी झाली आणि आम्ही वेगळे पडलो. मी साडीचोळी पुजाऱ्याच्या हाती दिली. हात जोडले, पण ठरवून आणलेलं सगळं बाजूला राहिलं. शेवटी एवढंच म्हणालो, ‘आई, जे आहे ते दिसू दे.’ बाहेर येऊन त्या गृहस्थांना खूप शोधलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. चपला ठेवायच्या जागेपाशी बायको वाट बघत होती. तिथंच पायरीवर बसून मी तिच्या हातात चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “इतके दिवस तुम्ही एकटेच हे घेऊन हिंडून राह्यलेत? मी काय परकी हाये का?” आणि डोळे पुसून उठली. “चला. घरी न्हाई, आधी औरंगाबादला.”

दोन दिवसांनी तपासणी झाली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन मी पडलो होतो. लाज वाटायची ती वाटलीच. सोनोग्राफीची नळी आत गेली तेव्हा मी डोळे घट्ट मिटले. डॉक्टर म्हणाले, “बघायचं असेल तर पडदा तुमच्याकडं वळवतो.” मी डोळे उघडले. करड्या रंगात अक्रोडाएवढी आकृती दिसत होती, आणि तिच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग. सुई पांढऱ्या रेघेसारखी सरकत आली. खट् आवाज झाला. दुखलं, पण ती कुठं चाललीय हे दिसत होतं म्हणून सोसलं. सहा ठिकाणचे तुकडे घेतले, आणि त्या डागातले दोन वेगळे.

त्या दोन तुकड्यांतच कॅन्सर निघाला. बाकी सहा साफ होते.

डॉक्टरांनी समजावलं की काळा डाग दिसला म्हणजे दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, आणि कधी कधी असूनही दिसत नाही. माझा दिसला. अजून ग्रंथीच्या आतच होता. महिन्याभरात ऑपरेशन झालं. त्यानंतर सात-आठ महिने लघवीवर ताबा नव्हता. त्या दिवसांत मी फार चिडचिडा झालो होतो, देवाचं नावसुद्धा घेववत नसे. बायको जुन्या धोतरांच्या घड्या शिवून ठेवायची, धुवायची, वाळवायची. शेजारणींनी विचारलं तर हसून विषय बदलायची. आईची कृपा म्हणताना मला रांगेतल्या त्या गृहस्थांच्या आधी त्या घड्या आठवतात.

ते कोण होते, त्या दिवशी नेमके माझ्याच मागं का उभे होते, याचा मी आता फार विचार करत नाही. कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं साक्षात्कार. मला वाद घालता येत नाही. मी कॅन्सर निघू देऊ नको असं मागितलं होतं आणि तो निघाला. ज्या वेळी निघायला हवा त्या वेळी निघाला. मागणं माझं होतं, वेळ तिची होती, एवढंच मला समजलं.

अजून दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला जातो. रिपोर्टचं पाकीट हाती आलं की जुनी धास्ती अजून वर येते. म्हणून ते मी स्वतः फोडत नाही, घरी आणून बायकोला देतो. तिला इंग्रजी वाचता येत नाही. ती पाकीट कपाळाला लावते, फोडते, आणि कागद माझ्यापुढं धरून म्हणते, “वाचा आता. जे आसंल ते दोघांचं हाये.”