गळ्यापासून विणणाऱ्या अक्का

अक्कांच्या दारावरून सरळ निघून जाणं कुणालाच जमलं नाही. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. भाजीला निघालेली बाई असो, शाळेला निघालेली मुलगी असो, नाहीतर पत्र टाकायला आलेला पोस्टमन असो, आतून हाक यायचीच, "हितं ये की जरा. वाक." माणूस वाकला की अक्का त्याच्या डोक्यातून अर्धवट विणलेलं काहीतरी खाली ओढायच्या. त्यात विणायच्या सुया तशाच अडकलेल्या, चारी बाजूंना टोकं बाहेर. "हलू नको, डोळ्यात जाईल," असं बजावून त्या दोन पावलं मागं सरकायच्या आणि मान वाकडी करून बघत बसायच्या. आमचा पोस्टमन चांगला मिशीवाला बाप्या. त्याला मी गुलाबी जाळीचा बायकी झंपर घालून, हातात पत्रांचा गठ्ठा धरून उभा राहिलेला बघितलाय.

"अक्का, गल्ली हसायलीय," तो म्हणायचा.

"हसू दे. तुझी मान माझ्या सुनेयवढीच हाय, त्याला मी काय करू?"

हे सगळं कशासाठी, तर अक्का गळ्यापासून खाली विणायच्या. तुमच्यापैकी ज्यांनी हातात सुया धरल्यात त्यांना ठाऊक असेल, आपण बायका विणतो ते कमरेपासून वर. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या, आणि मग सगळं जोडून शिवायचं. अक्कांचं तसं नव्हतं. त्या गळ्याचे टाके घालायच्या, त्यांचं गोल कडं करायच्या आणि गोल गोल फिरत खांद्यावरून खाली यायच्या. बगलेपाशी आलं की बाह्यांचे टाके दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायच्या, अंग पुरं करायच्या आणि मग बाह्या विणायच्या. पुढं-मागं नाही, जोड नाही, शिवण नाही. त्यामुळं वाटेल तेव्हा कुणाच्या तरी गळ्यात घालून बघता यायचं. "शिवण म्हंजे काय," त्या म्हणायच्या, "चार जणांनी चार कोपऱ्यांत बसून केलेलं काम. मग त्यांची समजूत घालत बसा."

हे त्या शिकल्या कुठं, तर वाडी जंक्शनला. यजमान रेल्वेत होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एका गार्डाची बायको राहायची, गोरी, फ्रॉक घालणारी. तिला कानडी येत नव्हतं, मराठी येत नव्हतं. अक्कांना ही दोन सोडून काही येत नव्हतं. दोन वर्षं दोघी एका पायरीवर बसून नुसती एकमेकींच्या हातांकडं बघत विणत राहिल्या. "बोलणं न्हवतं म्हणून शिकले," अक्का सांगायच्या. "बोलणं असतं तर गप्पाच मारल्या असत्या." यजमान गेल्यावर त्या माहेरच्या या घरात येऊन राहिल्या. घरात कानडी, दारात मराठी.

आता सोलापूरच्या उन्हात लोकर घालणार कोण? अक्का सुतात विणायच्या. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. मागावर उरलेलं सूत ते अक्कांना आणून द्यायचे. अक्का ते रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, रंग सुटतो का बघायच्या, तीन पदर एकत्र वळायच्या आणि मगच हातात घ्यायच्या. सुया म्हणजे सायकलच्या तारा. सात रस्ता चौकाजवळच्या एका सायकलवाल्याकडून आणलेल्या, पाट्यावर घासून दोन्ही बाजूंनी टोकदार केलेल्या. टोकावरून टाके घसरू नयेत म्हणून वॉल्व्हच्या रबरी नळीचे इवले तुकडे दोन्हीकडं टोपीसारखे बसवलेले. गार्डाच्या बायकोनं दिलेली खरी गोल सुई, म्हणजे लवचिक तारेनं जोडलेल्या दोन सुया, पेटीत होती, पण तिची मधली तार तुटली होती. ती त्यांनी टाकली मात्र नाही.

टाके मोजायच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, असं दहापर्यंत मोजलं की एक बोट मिटायचं. मोजणी चालू असताना दारात राजा आला तरी उत्तर नाही. मी रोज दुपारी जाऊन बसायला लागले आणि मलाही तीच सवय लागली. आजही मी भाजीवालीची लिंबं कानडीत मोजते आणि ती माझ्याकडं संशयानं बघते.

जाळीची त्यांची रीत त्यांनी मला एका वाक्यात सांगितली होती. "सुईवर दोरा घेतला की भोक पडतंय, आन् एक टाका वाढतोय. खांद्याला वाढलेला चालतोय. खाली आल्यावर भोक पाडलंस की शेजारच्या दोघांना एकत्र बांध. न्हायतर सगळं पसरतंय, घोळदार परकरावानी." मी दहावेळा चुकले. त्यांनी दहावेळा उसवायला लावलं. चुकलेलं तसंच पुढं नेणं त्यांना खपायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक मी पहिल्याच झंपरात केली. गळ्याचे टाके गोल जोडताना कड्याला पीळ पडला आणि मला कळलंच नाही. वीतभर विणून झाल्यावर अक्का म्हणाल्या, घालून बघ. घातला तर गळ्याशी असा मुरगळलेला, की जणू धुणं पिळून माझ्या मानेभोवती टाकलंय. पीळ पडलेलं कडं सुटत नाही. सगळं उसवून पहिल्या टाक्यावर जावं लागतं. मी रडकुंडीला आले.

"मला पैल्याच दिवशी दिसलं हुतं," अक्का शांतपणे म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही, अक्का?"

"सांगितलं असतं तर आज इसरली असतीस. आता मरेपर्यंत इसरतीस का बघ."

विसरले नाही, हे खरं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. करमाळ्याहून एक स्थळ आलं होतं; घरचं आडतीचं दुकान, मुलगा धाकटा. स्थळात खोट नव्हती. पण मला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं आणि ते मला नीट सांगताही येत नव्हतं. त्याच वेळी सात रस्त्याकडच्या एका मुलींच्या शाळेत हस्तकलेच्या बाई हव्यात असं कळलं. स्वतः केलेला एक नमुना घेऊन यायचं, शिवाय समोर करून दाखवायचं. वडील म्हणाले, "जा. जागा मिळाली तर करमाळ्याला नको म्हणून कळवतो. न्हाय मिळाली तर तू हो म्हणायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी पांढऱ्या सुताचा जाळीचा झंपर विणला, पानाच्या नक्षीचा. अक्कांनी त्यातला एक टाकाही स्वतः घातला नाही. "तुजं हाय, तूच चूक," एवढंच. जायच्या दिवशी तारा आणि सुताचा गुंडा त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत ठेवला आणि माझ्या कपाळाला विभूती लावली.

शाळेच्या कचेरीत दोघी होत्या. मोठ्या बाई टेबलामागं आणि शिवणाच्या बाई त्यांच्या शेजारी. शिवणाच्या बाईंनी झंपर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बगलेत बोट घातलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"शिवण कुठंय?"

"शिवण नाही बाई. गोल विणलाय."

"असं हातानं होत नाही. हे होजिअरीच्या मशीनचं काम. गिरणीची माणसं असतात ना घरात, आणून देतात." मग मोठ्या बाईंकडं वळून, "वडील कारखान्यातच आहेत हिचे. अर्जात लिहिलंय."

गिरण्यांच्या गावात बिनशिवणीचं म्हणजे मशीनचं, यात त्यांचं तरी काय चुकलं? समजावून सांगायला गेले असते तर रडलेच असते. मी झंपर मागून घेतला, खालच्या काठाची गाठ दातानं सोडवली आणि दोरा ओढला. सर्रकन चार बोटं नक्षी उसवून माझ्या मांडीवर पडली. वाकड्या-तिकड्या सुताचा ढीग. पंधरा दिवसांचं काम. शिवणाच्या बाई "अगं, अगं" म्हणत अर्ध्या उठल्या.

मग मी तारा काढल्या, मोकळे टाके एकेक करून त्यांवर घेतले आणि रबरी टोप्या बसवल्या. चहा आला तो माझ्यासमोर गार झाला. मी मोजत होते, तोंडातल्या तोंडात, पण खोलीत इतकी शांतता होती की ऐकू जात होतं. ऐदु, आरु, एळु, आणि तिथंच माझी नजर शिवणाच्या बाईंच्या चेहऱ्यावर गेली आणि सातापुढचं आठवेना.

"एंटु," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या निघाल्या. मी पुढं मोजलं, दोन फेऱ्या विणल्या, एक पान पुरं केलं. शिवणाच्या बाईंनी पुन्हा झंपर हातात घेतला. या वेळी बराच वेळ त्या बोटांनी टाके चाचपत होत्या. "कुणी शिकवलं हे?" त्यांनी विचारलं, आणि आवाज वेगळा होता. जागा मला मिळाली. फक्त एक अट, अभ्यासक्रमात लिहिलंय तसंच शिकवायचं. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, आणि शिवण.

हे अक्कांना कसं सांगायचं याचीच मला जास्त धास्ती. घरी न जाता आधी त्यांच्याकडं गेले. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मला बी शिकव की ती शिवण."

"तुम्हाला येत नाही?"

"कोण शिकवणार? त्या गार्डाच्या बायकोला येत न्हवतं, मग मला कुटनं येणार? लोकांना म्हणायचे, मला आवडत न्हाय." आणि इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला.

त्या उन्हाळ्यात सुट्टीचे दोन्ही महिने मी शिवणाच्या बाईंकडून सकाळी शिकायची आणि दुपारी अक्कांना शिकवायची. अक्का म्हणजे वाईट विद्यार्थिनी. दोन तुकडे जोडताना एक कायम लांब राहायचा, मग त्या तुकड्यावरच रागवायच्या. पण उसवायला सांगितलं की मुकाट्यानं उसवायच्या. त्यांनी शिवलेला एक स्वेटर शेवटी पुरा झाला. तो पोस्टमनला दिला. एक बाही जरा पुढं आलेली होती, पण तो हिवाळाभर घालायचा. "यात सुया न्हाईत, बरं वाटतंय," म्हणायचा.

वडिलांनी करमाळ्याला पत्र लिहिलं. लिहिताना मला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं. त्यात "मुलीला शाळेत जागा लागली आहे" हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं.

शाळा जूनमध्ये उघडली आणि त्याच आठवड्यात अक्कांचा मुलगा धारवाडहून त्यांना न्यायला आला. सुनेला दिवस गेले होते. अक्कांनी घर आवरलं, सुताचे गुंडे शेजाऱ्यांना वाटले. गाडी दुपारी एक वीसची. मी म्हटलं, मी रजा मागते, स्टेशनवर येते. त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"पैल्याच आठवड्यात रजा मागतीस? मुकाट्यानं शाळंत जा. मी काय मरायला चालले का? नातवाला झंपर विणायला चालले."

नातू असेल की नात, याचा पत्ता नव्हता, पण झंपर ठरलेला होता.

एक वाजता माझा पाचवीचा जोडतास सुरू झाला. चाळीस मुली, प्रत्येकीच्या हातात दोन सुया, गुंडे बाकांखाली घरंगळतायत. भिंतीवर घड्याळ होतं. एक दहा झाले, एक पंधरा झाले. मी फळ्यावर सुईची आकृती काढत होते आणि ती मला सरळ काढता येत नव्हती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली, ओठ बाहेर काढून.

"बाई, माझे सगळेच टाके सुटले."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सुटलेले टाके कसे धरायचे ते दाखवलं, मग तिच्या हातात दिलं. तिचे पुन्हा सुटले, आम्ही पुन्हा घेतले. शेजारची वाकून बघायला लागली, मग तिच्या शेजारची. परत मान वर करून घड्याळाकडं पाहिलं, तेव्हा दोन वाजून गेले होते.